आत : शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार

पांडेसऱ्याच्या रंगाई मिलचं काम दीपकभाईंनी आज माझ्या गळ्यात घातलं. गेटवर कार्ड दाखवायचं, नंबर संगणकात जायचा, आणि आत्ता आत किती माणसं आहेत ते पडद्यावर दिसायचं. "नूतनबेन, त्यां बधा तमारा ज माणसो छे," म्हणाले. म्हणजे खानदेशी सगळे, तूच बोल त्यांच्याशी. आमच्या ऑफिसात पाच जण आहेत, आणि अडलेलं काम नेहमी माझ्याच टेबलावर येऊन पडतं. तक्रार नाही. खरं तर आनंद झालाय. आजवर दुकानांची बिलं छापणारं सॉफ्टवेअर केलं. हे पहिलं काम असं आहे की नवागामातल्या आमच्या गल्लीतली माणसं ते रोज हाताळतील.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "हिलालनाना तठेच शे ना? चांगलं कर मंग." हिलालनाना म्हणजे समोरच्या दारातले. आमच्याच गावचे, सुरतेत माझ्या वडिलांच्या, आप्पांच्याही आधी आलेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज टेबलं आखली. मिलमध्ये माणसं दोन जातीची (हा शब्द मॅनेजरचा): कायम आणि ठेक्याची. नंबर, नाव, फोटो दोघांनाही लागतो. कायमवाल्याला पीएफचा नंबर, ठेकावाल्याला ठेकेदाराचं नाव. मी 'माणसं' असं एक आई-टेबल केलं आणि त्याच्या दोन लेकी केल्या, 'कायम' आणि 'ठेका'. आईचे सगळे रकाने लेकींना आपोआप वारशाने मिळतात. आईला विचारलं, सगळी माणसं दाखव, की ती दोन्ही लेकींकडची मिळून दाखवते. सुरेख. आईवर प्रायमरी कीसुद्धा लावली, म्हणजे एक नंबर एकाच माणसाला. तोच नंबर पुन्हा भरायला गेलं तर डेटाबेस हाकलून देतो.

दीपकभाईंना दाखवलं. त्यांनी फोनवर बोलता बोलता अंगठा वर केला. इतक्या देखण्या आखणीला निदान दोन वाक्यं तरी यायला हवी होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोक्याला ताप. 'येजा' नावाचं टेबल केलं, कोण कधी आलं-गेलं त्याचं. त्यावर फॉरेन की लावली: जो नंबर 'माणसं'मध्ये नाही, त्याची येजा घ्यायचीच नाही. साधा नियम. तर काय, प्रत्येक नोंद नाकारली जातेय. म्हणे हा नंबर 'माणसं'मध्ये नाही. अरे, मी आत्ता 'माणसं' उघडून पाहिलं, डोळ्यांसमोर दिसतोय तो! दिवसभर घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. शेवटी मिलचा फोन आला, दीपकभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, आणि मी ती फॉरेन कीच काढून टाकली. लगेच सगळं सुरळीत. गेटवर कार्डं माझ्याच हातची जाणार, खोटा नंबर येणार कुठून? फुकटची कुरकुर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिलालनाना घरी आले होते, मागे त्यांचा मुलगा योगेंद्र. नानांनी उभा जन्म जेट मशीनवर काढला, कापड रंगवण्यात. त्या वाफेने छाती गेली, म्हणून मिलने त्यांना कायम कामगार म्हणूनच ठेवून गेटजवळच्या चहाच्या खोलीवर बसवलंय. मशीनवर आता योगेंद्र, ठेक्याने.

नाना म्हणाले, "नूतनबाई, एक काम शे तुनाकडे. मना नंबर पोऱ्याले दे."

मिलमध्ये ही रीतच आहे. बाप मशीनवरून उतरला की मुलगा त्याच नंबरावर चढतो. मुकादम वाल्मिकभाऊ तर नवा नंबर घेणाऱ्याला म्हणतो, तुला काय बाप नाही का. दोनशे चौदा हा नानांचा नंबर. मी म्हटलं, नाना, पण तुम्हीही अजून मिलमध्येच आहात. तर म्हणाले, "मंग काय व्हयनं? मी मोठा दोनशे चौदा, तो धाकला दोनशे चौदा. सगळा वळखतंस."

योगेंद्र माझ्या शाळेचा, एक वर्ग पुढे. हल्ली अर्धा गुजरातीत बोलतो. म्हणाला, "नवा नंबर लागला ने, तो लोक विचारतात, कोणाचा तू? दोनशे चौदा म्हटलं की पत्ता आला. आणि मॅडम, एवढं तर तुमचा कॉम्प्युटर करेल ने?" हा मला मॅडम म्हणतो तेव्हा डोक्यात जातो. त्याने निळा शर्ट घातला होता, हाताला रंग तसाच. माय चहा घे म्हणाली तर बसला नाही.

मी नानांना म्हटलं, बघते. होणार नाही हे मला माहीत आहे. डेटाबेस एक नंबर दोनदा घेतच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घेतला! नाना 'कायम'मध्ये दोनशे चौदा, योगेंद्र 'ठेका'मध्ये दोनशे चौदा. नानांना "प्रयत्न केला" असं खरं खरं सांगता यावं म्हणून भरून पाहिलं, आणि डेटाबेसने हूं की चूं केलं नाही. बहुतेक वेगवेगळ्या लेकी आहेत म्हणून चालत असावं. मॅनेजरला विचारलं, त्यालाही हरकत नव्हती. मुकादम खूश, मग तोही खूश. आणखी काही बापलेक आहेत, त्यांचंही असंच केलं.

संध्याकाळी नानांच्या बायकोने, सुंदराकाकूने वाटीभर खीर पाठवली. नंबर घरात राहिला म्हणून. मला फार बरं वाटलं. आपल्या शिकण्याचा आपल्या माणसांना इतका सरळ उपयोग कधी होतो?

३ मार्च, सोमवार

मिलमध्ये सुरू झालं. पडदा गेटवर लावलाय, मोठे हिरवे आकडे. दिवस सुरू झाला की आकडा चढत जातो, पाळी सुटली की उतरत उतरत शून्य होतो. मी अर्धा तास नुसती बघत उभी होते.

किरकोळ भानगडी आहेतच. काही नंबर दोनदा 'आत' येतात, मध्ये 'बाहेर' नाही. मॅनेजर म्हणाला, माणसं कार्ड लावायला विसरतात, शिस्त नाही. मी उपाय केला: त्या नंबराची शेवटची नोंद जी असेल ती खरी धरायची. शेवटची 'बाहेर' असली तर तो बाहेर. आता आकडा स्वच्छ येतो.

योगेंद्रने कार्ड धरलं की पडद्यावर नानांचं नाव येतं. मी ओशाळले, म्हटलं दुरुस्त करते. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे ने. मिलमध्ये बापाचं नाव तर चालतं." आज मॅडम म्हणाला नाही.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. मिलचं दुसरं युनिट सचिन गावात आहे, तिथेही हेच लावायचं म्हणतात. दीपकभाईंनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मिलमध्ये आता आगीची तालीमही पडद्यावर करतात: भोंगा वाजला की सगळ्यांनी कार्ड लावून बाहेर, आणि 'आत : शून्य' आलं की तालीम संपली. मॅनेजर म्हणतो, पूर्वी मुकादम माणसं नावाने हाका मारून मोजायचा, किती वेळ जायचा. आता ते बंद केलं.

योगेंद्रच्या नावाचं तेवढं करायचं राहिलंय. होळीनंतर करीन.

२० मार्च, गुरुवार

मिलला आग लागली. दुपारी, गरम तेलाची नळी फुटून. काळा धूर आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसत होता. मी रिक्षा करून गेले. रस्ता अडवलेला. बाहेर सगळी माणसं उभी, तोंडाला रुमाल, वाल्मिकभाऊंचा हात भाजलेला. बंबवाल्यांनी विचारलं, आत कोणी आहे का? मॅनेजरने पडद्याकडे बोट दाखवलं. आत : शून्य. छप्पर खाली येत होतं, बंबवाले आत गेले नाहीत, बाहेरून पाणी मारत राहिले.

खोटं कशाला लिहू, त्या घटकेला मला अभिमान वाटला. इतक्या धुरात माझा आकडा चालू होता.

हिलालनाना गर्दीत फिरत होते. "योग्या दखा का? योग्या दखा का?" सगळे सांगत होते, नाना, शून्य आलंय, कोणी आत नाही, भाजलेल्यांबरोबर दवाखान्यात गेला असेल. मीही तेच सांगितलं. मी त्यांचा हात धरून सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

योगेंद्र सापडला. मशीनमागच्या जिन्याखाली.

२३ मार्च, रविवार

लिहवत नाही, पण न लिहिताही बसवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, भाजून नाही, धुराने गेला. जिन्याखाली थोडी हवा होती, तिथे तो बराच वेळ जिवंत असावा. हे डॉक्टर वाल्मिकभाऊंशी बोलले, आणि ते आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

सुंदराकाकूचा आवाज बसलाय. नाना तिच्या शेजारीच भिंतीला टेकून असतात. दोघं एकमेकांचा हात सोडत नाहीत. आमच्याकडे नवरा-बायको लोकांसमोर असा हात धरत नाहीत, पण कोणी काही म्हटलं नाही.

मॅनेजर आला होता. म्हणाला, संगणकात नोंद आहे, दोनशे चौदा भोंग्यानंतर बाहेर पडलेला आहे. म्हणजे परत आत गेला. मोबाईल राहिला असेल, हल्लीची पोरं. संध्याकाळपर्यंत हेच सगळ्यांच्या तोंडी झालं. मोबाईलसाठी गेला. सुंदराकाकू छाती पिटून त्या मोबाईलला शिव्या देत होती. आणि मी? मला योगेंद्रचाच राग आला. मूर्ख, मूर्ख, बाहेर आला होतास तर परत कशाला गेलास?

२५ मार्च, मंगळवार

त्याची बाहेर पडण्याची वेळ पाहावी म्हणून 'येजा' उघडलं. दोनशे चौदा, 'बाहेर', भोंग्यानंतर लगेच. चहाच्या खोलीजवळच्या कार्डाच्या यंत्रावर.

योगेंद्र तर मशीनवर होता. तिथून त्या यंत्रापर्यंत इतक्या लवकर कोणी पोचूच शकत नाही. चहाच्या खोलीत नाना असतात.

मी तोंड धुऊन आले. परत पाहिलं. सकाळी दोनशे चौदा दोनदा आत. दुपारी एकदाच बाहेर. नाना बाहेर पडले, आणि माझ्या टेबलाने योगेंद्रलाही बाहेर काढलं.

मग दिवसभर ते वाचलं, जे फेब्रुवारीत वाचायला हवं होतं. लेक-टेबलाला आईचे रकाने मिळतात, पण प्रायमरी की मिळत नाही. आईच्या दाराला कडी आहे म्हणून लेकीच्या घराला कडी लागत नाही. 'माणसं'वर मी जी कडी लावली ती फक्त आईच्या स्वतःच्या ओळींना होती, आणि आईकडे स्वतःची एकही ओळ नव्हती. सगळी माणसं लेकींकडे. फॉरेन कीसुद्धा फक्त आईकडेच बघत होती, म्हणून नाकारत होती. ती फुकटची कुरकुर नव्हती. ती मला सांगत होती की तू समजतेस तिथे कोणीच नाही. आणि मी तिचं तोंड बंद केलं.

तो मोबाईलसाठी परत गेला नाही. तो बाहेर आलाच नव्हता.

२६ मार्च, बुधवार

दीपकभाईंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. बाटलीभर पाणी प्यायले. त्यांनाही दोन मुलगे आहेत. मग म्हणाले, "जे थयुं ते थयुं." आता नीट करा. सगळे नंबर एका वेगळ्या टेबलात, प्रायमरी की त्याच्यावर, लेकींनी नंबर तिथूनच घ्यायचा. ते मी केलं, तासाभराचं काम होतं. तासाभराचं.

पुढे म्हणाले, त्या पोराला नवा नंबर द्या, मागच्या तारखेने. आणि दुपारची 'बाहेर' त्या नंबराच्या नावे करा, म्हणजे तो बाहेर पडून परत गेला असंच दिसेल. मी म्हटलं, हे नाही करणार. ते हात जोडून म्हणाले, नूतनबेन, पाच घरं चालतात या ऑफिसवर. तो तर परत येणार नाही ना?

हे मात्र खरं आहे. ते वाईट माणूस नाहीत. मी घरी आले, पण आधी सगळ्याची नक्कल माझ्याजवळ काढून घेतली.

२८ मार्च, शुक्रवार

समोरच्या दारात माणसं येतात, बसतात, आणि प्रत्येक जण मोबाईलचं बोलून जातो. कोणाच्या तरी आत्याने काल म्हटलं, आईबापाचा विचार केला नाही हो पोराने. नाना मान खाली घालून ऐकत होते.

मला अन्न जात नाही. माय समजते, योगेंद्रमुळे. तेही आहेच. तो काय म्हणायचा, कसा उभा राहायचा, हे मला इतकं कशाला आठवतंय कोण जाणे.

मी ठरवलंय. दशक्रिया होऊ दे, मग नानांना सांगते. नोकरी जाईल, जाऊ दे. लोक थुंकतील माझ्यावर, थुंकू देत. पण नानांना निदान एवढं तरी कळेल की मुलगा मूर्खपणाने गेला नाही. तेवढाच त्यांच्या जिवाला विसावा. आणि माझ्या छातीवरचा दगडही उतरेल.

१ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. नाना ओट्यावर एकटेच होते. मी सगळं माझ्यावर घेतलं: चूक माझी, टेबल माझं, नंबर मी दिला. एक नंबर दोघांना, म्हणून संगणकाला दोन माणसं एकच दिसली. तो बाहेर आलाच नव्हता, नाना. मोबाईलचं खोटं आहे.

मला वाटलं होतं ते मला मारतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "कार्ड मी लावं."

"नाना, ते तर लावायचंच होतं. सगळ्यांनी लावलं."

"मी बाहेर निंघनू, म्हनीसन तो बी बाहेर निंघना. कॉम्प्युटरमा." त्यांनी तो हात उलटा करून पाहिला. "मी लावतू नही, तं एक कमी पडता. दखाले कोनी तरी मजार जाता."

हे मला सुचलंच नव्हतं. आठ दिवस मी माझीच चूक कुरवाळत बसले, आणि हे मला एकदाही सुचलं नाही. मी म्हटलं, नाही नाना, तसं नाही, तुमचा काय दोष. पण ते बरोबरच होतं, हिशेबाने अगदी बरोबर. त्यांनी कार्ड लावलं नसतं तर पडद्यावर 'आत : एक' आलं असतं, आणि बघायला कोणी तरी आत गेलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "मोबाईल करता गया नही ना मना पोऱ्या?"

"नाही, नाना."

"मंग चाल. साहेबले सांगूत. लोकेसले कळू दे."

मी म्हटलं, मग कार्डाचंही सगळ्यांना कळेल. ते म्हणाले, "कळू दे."

४ एप्रिल, शुक्रवार

तपासाच्या सरकारी साहेबांसमोर जबाब झाला. मी नक्कल दिली. साहेबांना टेबलं, आई, लेक हे समजावताना माझी जीभ अडखळत होती. नानांनी मात्र एका दमात सांगितलं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला दबाव आहे का कोणाचा? नाना म्हणाले, नाही.

दीपकभाईंचा निरोप आला, सोमवारपासून येऊ नका. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

वाल्मिकभाऊंनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मोबाईलचं बोलणं त्याच दिवशी बंद झालं. योगेंद्रचं नाव आता लोक हळू आवाजात, मानाने घेतात. माझ्याशी कोणी बोलत नाही. माय सोडून.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी सुंदराकाकू आली. माय दळणाला गेली होती. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. ती उंबऱ्याजवळ खाली बसली. पाणी दिलं ते घेतलं.

मी म्हटलं, "काकू, चूक माझी आहे. मला काय बोलायचं ते बोल."

ती म्हणाली, "तुले काय बोलू. तू पोर शे." मग, "सांगानंच व्हतं तं माले सांगती. त्याले कसाले सांगं?"

तिने पेला खाली ठेवला.

"मोबाईलले शिव्या देत व्हती मी. पुरत व्हतं माले. मोबाईल काय, जळी गया, मरी गया, त्याले कितल्या बी शिव्या दे. आते मी कोनले दिऊ? त्याले? तो रातदिन हातकडे दखत बसस. जेवाले वाढस मी, पन त्यानं तोंड दखावत नही माले. तोंड दखं का माले ते कार्ड दिसस." तिने पदराने तोंड पुसलं. "त्यानी चूक नही, माले समजस. मी येडी नही. पन दखावत नही."

पुढचं ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, मला सांगता येणार नाही.

"तव्हय आम्ही दोन्ही संगे रडत व्हतूत. आते मी कोनासंगे रडू?"

ती उठली, पेला आपणच आत नेऊन ठेवला, आणि समोरच्या दारात घरी गेली.